श्वानजातींची माहिती कितपत विश्वासार्ह? पुस्तके आणि संकेतस्थळे यांचे परीक्षण

मुंबईत कुत्रा पाळायचे ठरले की पशुवैद्याकडे किंवा ब्रीडरकडे जाण्याआधीच कोणती जात घ्यायची हे बहुतेक घरांत ठरून गेलेले असते. तो निर्णय मोबाइलवर वाचलेल्या चार पानांवर, एखाद्या व्हिडिओवर आणि क्वचित वाचनालयातून आणलेल्या सचित्र पुस्तकावर उभा असतो. दहा-बारा वर्षांची जबाबदारी ज्या माहितीच्या आधारे उचलायची, त्या माहितीची पारख आपण प्रेशर कुकर घेताना करतो तेवढीही करत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून येथे कोणत्याही एका पुस्तकाचे किंवा संकेतस्थळाचे परीक्षण न करता, मुंबईतील वाचकाच्या हाती सहज येणाऱ्या सर्व प्रकारच्या माहितीचे परीक्षण केले आहे. त्यात केनेल क्लबांची, म्हणजे शुद्ध जातींच्या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थांची, मानके, इंग्रजी सचित्र ज्ञानकोश, विक्रेत्यांची पाने व व्हिडिओ आणि पशुवैद्यकीय संशोधन हे चारही प्रकार येतात. कसोटी एकच ठेवली आहे: जे विधान केले आहे ते कोणी, कोणत्या देशातील, किती कुत्र्यांकडे पाहून केले, हे सांगितले आहे काय?

या कसोटीवर जातीचे रूप कसे असावे एवढ्यापुरती केनेल क्लबांची मानके सर्वांत भरवशाची ठरतात. फेडरेशन सायनॉलॉजिक इंटरनॅशनल, म्हणजे एफसीआय, ही अनेक देशांतील केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संस्था १९११ मध्ये स्थापन झाली. तिचे कार्यालय बेल्जियममध्ये आहे आणि साडेतीनशेहून अधिक जातींची मानके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. प्रत्येक मानकाला क्रमांक असतो, तारीख असते आणि ते कोणत्या देशाने तयार केले याची नोंद असते. माहितीची जबाबदारी घेण्याची ही रीत मला फार महत्त्वाची वाटते. मात्र मानके एकाच देशाची नाहीत आणि ती सर्वत्र सारखीही नाहीत, हे वाचकाला माहीत असावे लागते. लॅब्राडोर रिट्रीव्हरचेच उदाहरण घ्या. ब्रिटनने तयार केलेल्या, एफसीआयच्या १२२ क्रमांकाच्या मानकात नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर दिली आहे आणि वजनाचा आकडा मुळीच दिलेला नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात नराची उंची साडेबावीस ते साडेचोवीस इंच, म्हणजे सुमारे ५७ ते ६२ सेंटिमीटर, आणि वजन ६५ ते ८० पौंड, म्हणजे साधारण साडेएकोणतीस ते ३६ किलो दिले आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी पानांवर लॅब्राडोरच्या वजनाचा जो आकडा दिसतो तो बहुधा या अमेरिकन मानकातून आलेला असतो, पण तसे लिहिलेले क्वचितच आढळते. काही पानांवर तर ब्रिटिश उंची आणि अमेरिकन वजन एकाच चौकटीत शेजारी-शेजारी बसवलेले दिसते, आणि असा कुत्रा कोणत्याच क्लबाने वर्णिलेला नाही.

मानकांची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. मानक हे लग्नाच्या टिपणातील ‘अपेक्षा’ या रकान्यासारखे असते. त्यात हवे ते लिहिलेले असते, आढळले ते नव्हे. लॅब्राडोरच्या मानकात तो मनमिळाऊ, चपळ, पाण्याची आवड असलेला आणि माणसाला जीव लावणारा असावा असे म्हटले आहे. त्या वाक्यामागे कोणी हजार लॅब्राडोर तपासलेले नाहीत. प्रदर्शनात परीक्षकाने काय शोधावे याची ती सूचना आहे. हेच वाक्य माहितीच्या पानावर येते तेव्हा ‘असावा’चे ‘असतो’ होते आणि घरोघरी ते आश्वासन म्हणून वाचले जाते. शिवाय मानके बदलतात. २००८ मध्ये बीबीसीवर शुद्ध जातींच्या आरोग्याविषयीचा एक माहितीपट दाखवला गेला, त्यावर ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी १८७३ मध्ये स्थापन झालेल्या तेथील केनेल क्लबाने आपल्या सर्व मानकांचा फेरविचार केला. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांतील वर्णने आणि त्यांवरून उतरवलेली पाने मात्र जुनीच राहिली.

आता सचित्र ज्ञानकोशांकडे वळतो. गुळगुळीत कागदावर छापलेले, प्रत्येक जातीला एक किंवा दोन पाने देणारे हे इंग्रजी ग्रंथ फोर्टातील पदपथांवर, माटुंग्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि अनेक शाळांच्या ग्रंथालयांत आढळतात. मुलांना कुत्र्यांची गोडी लावणारे याहून चांगले साधन नाही, हे मी मनापासून म्हणतो; छायाचित्रे उत्तम असतात आणि छापील पानावर प्रकाशनाचे वर्ष असते, त्यामुळे माहिती किती जुनी आहे हे तरी कळते. संकेतस्थळावरील पान काल काय म्हणत होते आणि आज काय म्हणते याचा मागमूस बहुधा उरत नाही, आणि या बाबतीत छापील पुस्तक निश्चितच उजवे आहे. पण या ग्रंथांतील दोन भाग अतिशय कमकुवत असतात. एक म्हणजे इतिहास आणि दुसरा म्हणजे चांदण्यांनी किंवा ठिपक्यांनी दाखवलेली गुणवत्ता.

इतिहासाचे सर्वांत बोलके उदाहरण फॅरो हाउंड या जातीचे आहे. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांवरील चित्रांत दिसणाऱ्या उभ्या कानांच्या, सडपातळ कुत्र्यांचा हा थेट वंशज आहे असे वर्षानुवर्षे छापले गेले. प्रत्यक्षात हा माल्टा बेटावरील सशाची शिकार करणारा कुत्रा आहे. २००४ मध्ये सायन्स या नियतकालिकात ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांच्या जनुकीय तुलनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात फॅरो हाउंड प्राचीन मानल्या जाणाऱ्या गटात न बसता आधुनिक युरोपीय जातींमध्ये बसला. चित्रातले साम्य खरे होते, वंशसातत्य खरे नव्हते. पण गोष्ट येथेच संपली नाही. त्या अभ्यासात वेगळ्या पडलेल्या बासेंजी, अकिता, सालुकी वगैरे जातींच्या यादीवरून ‘जगातील सर्वांत जुन्या जाती’ अशा मथळ्याची असंख्य पाने तयार झाली. २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की या जाती जनुकीयदृष्ट्या वेगळ्या दिसतात त्याचे कारण त्यांचे भौगोलिक एकटेपण हे आहे. त्या इतरांहून अधिक जुन्या आहेत असे त्यावरून सिद्ध होत नाही. ही दुसरी दुरुस्ती यादी बनवणाऱ्या पानांपर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही. एक चूक सुधारताना दुसरी कशी जन्मते आणि मग ती शंभर ठिकाणी एकाच शब्दांत कशी वाचायला मिळते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ही एकच जात तपासावी. शंभर पाने एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी मानायची, तर आधी ती शंभर पाने एकमेकांवरून उतरवलेली नाहीत याची खात्री हवी.

चांदण्यांविषयी माझा आक्षेप याहून मोठा आहे, कारण इतिहास चुकला तर कुत्र्याला त्रास होत नाही, चांदणी चुकली तर होतो. ‘फ्लॅटमध्ये राहण्यास योग्य’ या रकान्यात पग या जातीला जवळजवळ सर्वत्र पूर्ण गुण दिलेले असतात. हे गुण देताना खोलीचा आकार आणि व्यायामाची गरज एवढेच पाहिलेले असते, आणि डोळ्यांसमोरचा फ्लॅट थंड देशातला असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो प्रामुख्याने धापा टाकून, म्हणजे तोंड, जीभ आणि नाकातील ओलावा हवेत सोडून शरीर थंड ठेवतो. पगचे नाक आणि जबडा आखूड असल्याने श्वासाचा मार्ग मुळातच अरुंद असतो, आणि मे महिन्यातील मुंबईच्या दमट हवेत ओलावा लवकर उडतही नाही. दोन्ही अडचणी एकत्र आल्या की वरच्या मजल्यावरच्या, दुपारी तापणाऱ्या घरात पगला अवघ्या काही मिनिटांच्या धावपळीने धोका उत्पन्न होऊ शकतो. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे चालणारा पग आला आणि आपल्याकडे या जातीची मागणी एकदम वाढली. त्या वेळी ज्यांनी पुस्तक उघडून पाहिले त्यांनाही त्या पूर्ण गुणांच्या चांदण्यांनी सावध केले नाही. २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील संशोधकांनी ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदी तपासून असा निष्कर्ष काढला की आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसामान्य कुत्रा म्हणता येणार नाही. हे वाक्य ज्या पानावर नाही ते पग घेऊ पाहणाऱ्या मुंबईकराने वाचून उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सायबेरियन हस्कीबद्दल वेगळे लिहिण्याची गरज वाटत नाही. त्या जातीच्या नावातच उत्तर आहे.

बुद्धिमत्तेच्या क्रमवाऱ्या हा याच घराण्यातला प्रकार आहे. बॉर्डर कोली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा आणि अफगाण हाउंड शेवटचा, अशी जी यादी मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही अधूनमधून येते, तिचा उगम स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९४ च्या पुस्तकात आहे. त्यांनी उत्तर अमेरिकेतील आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना प्रश्नावली पाठवली आणि १९९ परीक्षकांच्या उत्तरांवरून ही क्रमवारी लावली. पद्धत त्यांनी स्वतः उघड सांगितली आहे, आणि ही यादी कामाची व आज्ञापालनाची आहे हेही सांगितले आहे. दोष आहे तो पद्धत गाळून केवळ यादी उचलणाऱ्यांचा. माणसाच्या आज्ञेची वाट न पाहता स्वतःच्या नजरेने सावज हेरून धावणे हे ज्या कुत्र्यांचे पिढीजात काम आहे, ते या मापाने मागेच पडणार. आपल्या मराठवाड्यातील आणि जत-सोलापूर भागातील करवानी कुत्री याच नजरबाज शिकारी कुळातील आहेत. अशा यादीवरून त्यांना मंद ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

स्वभावाविषयी इतक्या ठामपणे लिहिले जाते की त्यामागे भक्कम पुरावा असणार असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात पुरावा उलट बाजूला झुकतो. एप्रिल २०२२ मध्ये सायन्समध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि २,१५५ कुत्र्यांचे जनुकीय नमुने एकत्र तपासले गेले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक आढळतो त्यापैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास फरकाचा संबंध जातीशी जोडता आला. माणसाचे ऐकण्याकडे कल असणे या गुणात जातीचा वाटा तुलनेने अधिक दिसला. चिडून अंगावर जाण्याच्या प्रवृत्तीत तो फारच थोडा होता. जातीला काहीच अर्थ नाही असे यावरून निघत नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. कोली कळप वळवतो आणि रिट्रीव्हर वस्तू तोंडात धरून आणतो ते पिढ्यानपिढ्यांच्या निवडीमुळेच. पण एका विशिष्ट पिल्लाचा स्वभाव कसा निघेल हे जातीच्या नावावरून सांगणारे वाक्य, ते कितीही सुंदर पुस्तकात छापलेले असो, या पुराव्यासमोर टिकत नाही.

या कच्च्या माहितीचे परिणाम घरापुरते राहत नाहीत. हाउसिंग सोसायटीच्या सभेत एखाद्या सदस्याच्या कुत्र्याविषयी तक्रार आली की कोणीतरी मोबाइलवर त्या जातीचे पान उघडून मोठ्याने वाचतो, आणि कुत्रा प्रत्यक्षात कसा वागतो हा प्रश्न बाजूला पडतो. त्याहून गंभीर उदाहरण १२ मार्च २०२४ चे आहे. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने त्या दिवशी राज्यांना पत्र पाठवून २३ ‘हिंस्र’ जातींच्या आयातीवर, पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी घालण्यास सांगितले. त्या यादीत जपानची तोसा ही जात दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आली होती, आणि ‘टेरियर’ हा एक अख्खा समूह एका जातीसारखा नोंदवला होता. या समूहात पर्समध्ये मावणारा यॉर्कशायर टेरियरही येतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्र रद्द केले. शासनाच्या कागदावर अशी यादी येऊ शकते तर खाजगी पानांकडून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा कशी ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक श्वानप्रेमीने गांभीर्याने घ्यावा.

आयुर्मान हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे आकडा दिलेला असतो आणि आकडा दिसला की शंका घेणे आपण सोडून देतो. फ्रेंच बुलडॉगचे आयुष्य किती? बहुतेक पाने १० ते १२ वर्षे असे सांगतात आणि आधार सांगत नाहीत. २०२२ मध्ये ब्रिटनमधील दवाखान्यांतील ३०,५६३ मृत्यूंच्या नोंदींवरून तयार केलेल्या तक्त्यात या जातीचे अपेक्षित आयुर्मान साडेचार वर्षे निघाले. २०२४ मध्ये ब्रिटनमधीलच ५,८४,७३४ कुत्र्यांच्या माहितीवरून दुसरा अभ्यास झाला आणि त्यात तेच आयुर्मान ९.८ वर्षे आले. दोन्ही अभ्यास नामवंत संशोधकांचे, दोन्ही एकाच नियतकालिकात आलेले, देशही एकच. आणि तरी एक आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. याचे एक महत्त्वाचे कारण जातीच्या लोकप्रियतेत आहे. फ्रेंच बुलडॉगची मागणी गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली, त्यामुळे त्या जातीतील बहुसंख्य कुत्री वयाने लहान होती. म्हातारी कुत्री मुळात थोडी असल्याने नोंदलेल्या मृत्यूंत लहान वयात मेलेल्यांचे प्रमाण आपोआप वाढते. केवळ मृत्यू मोजले तर आकडा खाली येतो, आणि जिवंत असलेली कुत्रीही हिशेबात घेतली तर तो वर जातो. यापैकी एखादा आकडा खोटा आहे असे नाही, पण तो कसा काढला हे सांगितल्याशिवाय दोन्ही आकडे दिशाभूल करतात. संशोधकांनी ते सांगितले आहे. त्यांचे निष्कर्ष उचलणाऱ्या पानांनी ते गाळले आहे. २०२४ च्या त्याच अभ्यासात लॅब्राडोरचे आयुर्मान १३.१ वर्षे आणि सर्व कुत्र्यांचे मिळून १२.५ वर्षे आहे, आणि कुत्रा घेणाऱ्या कुटुंबाने किती वर्षांची तयारी ठेवावी याचा अंदाज त्यावरून बरा बांधता येतो.

अंदाज म्हणण्याचे कारण असे की हे सर्व आकडे ब्रिटनचे आहेत. मुंबईतील कुत्र्याच्या आयुष्यात गोचिडांमुळे होणारा ताप, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस आणि दमटपणामुळे चिघळणारे त्वचारोग यांना जे स्थान आहे ते तेथील नोंदींत नाही. कोणत्या जातीला या रोगांचा कितपत त्रास होतो, दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याच्या अंगावरील गोचीड शोधणे किती कठीण जाते, जुलै महिन्यात त्याचे केस वाळवायला किती वेळ लागतो, याविषयी मला एकाही परदेशी ज्ञानकोशात एक ओळही वाचायला मिळाली नाही. ही माहिती मुंबईत आहे, पण ती छापलेली नाही. ती पशुवैद्यांच्या तोंडी आहे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि त्याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय त्याहूनही जुने आहे. इतक्या वर्षांचा अनुभव या शहरात साठलेला असताना, कुत्रा आणण्यापूर्वी आपल्या विभागातील एखाद्या पशुवैद्याकडे अर्धा तास सल्ला घ्यायला जाणे आणि त्याचे शुल्क आनंदाने भरणे, हे मी कोणत्याही पुस्तकाच्या वरचे मानतो.

विक्रेत्यांच्या पानांना आणि त्यांच्या व्हिडिओंना मी माहिती म्हणण्यास तयार नाही. ‘डबल कोट लॅब’, ‘हेवी बोन’, ‘टीकप पॉम’ हे शब्द तेथे जातीचे उच्च प्रकार असल्यासारखे वापरले जातात आणि त्यानुसार किंमत चढते. लॅब्राडोरच्या मानकात आतल्या मऊ, हवामानापासून रक्षण करणाऱ्या केसांचा थर प्रत्येक कुत्र्याला असावाच असे म्हटले आहे; म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मागितले जातात ते जातीचे किमान लक्षण आहे. ‘टीकप’ हा प्रकार एफसीआय, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी कोणाच्याही मानकात नाही. ‘याचे केस गळत नाहीत, त्यामुळे अ‍ॅलर्जी होत नाही’ हे शिह त्झू आणि पूडलविषयीचे विधानही असेच आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील घरांतील धुळीचे नमुने तपासले गेले तेव्हा ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर जातींच्या घरांत कुत्र्याच्या मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिनाचे प्रमाण लक्षणीय वेगळे आढळले नाही. घरात दम्याचा रुग्ण असताना या विधानावर विसंबून पिल्लू आणले जाते, काही महिन्यांत त्रास वाढतो आणि मग त्या जिवाला दुसरे घर शोधावे लागते. अशी फोनवर सांगितलेली कहाणी ऐकताना फार वाईट वाटते. ‘पेपर्ससह’ आणि ‘विदाउट पेपर्स’ अशा दोन किमती सांगणाऱ्या विक्रेत्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र आणि मायक्रोचिपचा क्रमांक मागावा, तो क्रमांक पिल्लाच्या अंगातील चिपशी जुळतो का हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे, आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी झाली आहे काय हे विचारावे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणे हा त्याच नियमांचा भंग आहे. ज्या पानावर त्याहून लहान पिल्लांची छायाचित्रे ‘आजच घेऊन जा’ म्हणून झळकतात, त्या पानावरील जातीच्या वर्णनावर विश्वास ठेवण्याचे काहीच कारण नाही.

छायाचित्रावरून जात सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपविषयी थोडक्यात लिहितो. अमेरिकेत २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दत्तक केंद्रांनी मिश्र कुत्र्यांच्या दिसण्यावरून सांगितलेल्या जाती जनुकीय चाचणीशी पडताळल्या, तेव्हा जुळणी फार कमी आढळली. आणि तेथे तर अनुभवी माणसे कुत्र्यांना प्रत्यक्ष पाहत होती. अ‍ॅपला जी नावे शिकवली आहेत त्यांतलेच एक ते सांगणार. त्यामुळे आपल्या गल्लीतल्या तांबूस, उभ्या कानांच्या कुत्र्याला ते एखाद्या आफ्रिकन किंवा ऑस्ट्रेलियन जातीचे नाव देते आणि मालक त्या जातीच्या आहाराचा तक्ता शोधू लागतो. मुंबईत ‘पॉम’ म्हणून घरोघरी वाढलेल्या पांढऱ्या कुत्र्यांचेही तेच झाले आहे. त्यांतील बहुसंख्य इंडियन स्पिट्झ आहेत. ब्रिटिश मानकानुसार पोमेरेनियन नराचे वजन १.८ ते २ किलो असते. आपले कुत्रे त्याच्या तिप्पट-चौपट भरते आणि पूर्ण निरोगी असते. चुकीच्या जातीचे पान वाचून अशा कुत्र्याला लठ्ठ ठरवले जाते आणि त्याचे खाणे कमी केले जाते, याचे मला अतिशय दुःख होते.

सगळ्यांत दरिद्री माहिती आहे ती आपल्या स्वतःच्या जातींची. एफसीआयच्या यादीत भारतीय उगमाची एकही जात नाही, त्यामुळे जागतिक ज्ञानकोशांत करवानी किंवा पश्मी यांना फार तर शेवटच्या पानांवर चार ओळी मिळतात. करवानी या एकाच कुत्र्याची केनेल क्लब ऑफ इंडिया कॅरव्हान हाउंड म्हणून नोंद करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. परिणामी काही पुस्तकांत त्या दोन निराळ्या जाती होऊन बसल्या आहेत. टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी मुधोळ हाउंडसह चार भारतीय जातींची तिकिटे काढली, २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळ हाउंडची अधिकृत नोंद केली, आणि कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रही आहे. एवढे असूनही या जातीविषयीच्या पानांवर मुख्य जागा व्यापते ती मुधोळच्या घोरपडे राजांनी पंचम जॉर्ज यांना जोडी भेट दिल्याची कथा. ती कथा सांगणारे पान तिला आधार म्हणून कोणताही दस्तऐवज देत नाही. कुत्र्याची उंची, त्याला मोकळ्या मैदानाची असलेली गरज, अनोळखी माणसाने हात लावलेला त्याला खपत नाही ही धनगरांकडून आणि गावकऱ्यांकडून नेहमी ऐकू येणारी गोष्ट, घरात बांधून ठेवल्यावर त्याचे काय होते, यांपैकी काहीही तेथे नसते. देशी जात म्हणून अभिमानाने करवानी पिल्लू आणून ते दहाव्या मजल्यावरच्या घरात ठेवणाऱ्या कुटुंबाला ही माहिती आधी मिळायला हवी होती. लांब झालरीच्या केसांच्या पश्मीबद्दल तर लातूर आणि उदगीर परिसरातील जाणत्या माणसांकडे जे आहे ते अजून कोणी व्यवस्थित लिहून काढलेले नाही, आणि ती माणसे आता वयाने थकत चालली आहेत.

आता पैशाचा विचार करू. मानके विनामूल्य आहेत, आणि आयुर्मानाचे वर उल्लेखिलेले दोन्ही शोधनिबंधही विनामूल्य वाचता येतात. जे सर्वांत महाग आहेत ते सचित्र ज्ञानकोश आणि त्यांवरून काढलेली जातवार पुस्तके. चित्रांसाठी त्यांतील एखादे घेण्यास हरकत नाही, जुने मिळाले तर उत्तमच, पण निर्णयासाठी त्यावर पैसे खर्च करू नयेत. अडचण अशी की विनामूल्य असलेले हे सर्व साहित्य इंग्रजीत, आणि तेही तांत्रिक इंग्रजीत आहे. मराठी प्रकाशकांनी परदेशी ज्ञानकोशांची संक्षिप्त भाषांतरे काढण्याऐवजी मुंबई-पुण्यात प्रत्यक्ष पाळल्या जाणाऱ्या वीस-पंचवीस जातींवर एखाद्या पशुवैद्याकडून पुस्तक लिहून घ्यावे, त्यातील प्रत्येक आकड्याखाली तो कोठून आला हे छापावे, पगच्या पानावर उन्हाळ्याचा आणि हस्कीच्या पानावर विजेच्या बिलाचा उल्लेख करावा, आणि करवानी व पश्मी यांना पहिले प्रकरण द्यावे. असे पुस्तक निघाले तर मी ते स्वतः विकत घेईन आणि कुत्रा पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येक परिचितालाही घ्यायला सांगेन.